पेशीचा पहारेकरी कुणाच्या बाजूने? : ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, नर्फ-२ आणि फुप्फुसाचा कॅन्सर

हा भाग ऐकण्यापेक्षा सावकाश वाचायला मिळाला तर बरं, असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून जे बोलले होते तेच थोडं नीटनेटकं करून इथे देते आहे. अर्धवट सुटलेली वाक्यं पूर्ण केलीत, दोन ठिकाणी आकडे तपासून घातलेत, बाकी आहे तसंच.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून झाली. आपल्या एका श्रोत्याने पाठवला होता. आवाजावरून पंचविशीतला मुलगा असावा. "ताई, बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. आत्याने अमेरिकेतून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल पाठवल्यात, तीन महिने पुरतील एवढ्या. देऊ का? नुकसान तर काही नाही ना?"

हे "नुकसान तर काही नाही ना" ऐकलं आणि मी थांबले. कारण अगदी हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी स्वतः बोलले होते, आणि तेही प्रश्नचिन्ह न लावता. माझ्या मामाला हाच आजार होता. चाळीस वर्षं विडी ओढलेला माणूस. केमोने त्याचं तोंड यायचं, अंगात त्राण नसायचं. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे घरात अशा बाबतीत माझा शब्द शेवटचा. मीच दुकानात जाऊन व्हिटॅमिन ई आणि आणखी दोन-तीन गोष्टींच्या बाटल्या आणल्या आणि मामीला सांगितलं, "रोज जेवणानंतर द्या, नुकसान तर काही नाही." पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय काय घेता? मामीने पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी शांतपणे त्या बाजूला सरकवल्या आणि म्हणाले, "हे बंद करा. कुणी सांगितलं?" मामा माझ्याकडे बघून हसला. मी काही हसू शकले नाही.

त्या गोळ्यांनी मामाचं काही बिघडलं असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत असा हिशेब लावताच येत नाही, आणि आजार मुळातच फार पुढे गेलेला होता. पण मी शिकवत असलेल्या विषयातलीच एक गोष्ट मला माहीत नव्हती, हे खरं. ती गोष्ट ज्या शास्त्रज्ञाच्या कामातून उलगडत गेली, त्यांच्याबद्दल आज बोलू. नाव मासायुकी यामामोतो. जपानचे, मूळचे डॉक्टर, पुढे मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. आधी त्सुकुबा विद्यापीठात आणि नंतर सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात त्यांनी काम केलं.

आधी 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणजे काय ते दोन मिनिटांत बघू, कारण हा शब्द हल्ली फेसपॅकच्या जाहिरातीतसुद्धा असतो. आपण ऑक्सिजन घेतो, पेशीतल्या मायटोकाँड्रिया त्यावर ऊर्जा तयार करतात. या कामात काही इलेक्ट्रॉन वाटेत सांडतात. ते ऑक्सिजनला चिकटले की सुपरऑक्साइड होतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि जवळपास मोकळं लोह सापडलं तर त्याहून जहाल हायड्रॉक्सिल रॅडिकल. ही मंडळी समोर येईल त्याचं ऑक्सिडेशन करतात. पेशीचं आवरण, प्रोटीन, डीएनए, काही सोडत नाहीत. लोखंड गंजतं किंवा डब्यातलं जुनं तेल खवट होतं, तोच प्रकार आत चालू असतो. पेशीकडे यावर बंदोबस्त असतो. बंदोबस्त कमी पडला आणि गंज वाढला की त्याला म्हणायचं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

फुप्फुसाला हा त्रास दोन्हीकडून. एकतर सगळ्यात जास्त ऑक्सिजन तिथेच. त्यात हवेतलं जे काही असेल ते थेट आत जातं. सिगारेटच्या एका झुरक्यात दहावर पंधरावा घात, म्हणजे एकावर पंधरा शून्यं, एवढे फ्री रॅडिकल्स असतात असा अंदाज आहे. शिवाय बेंझोपायरीनसारखी रसायनं. ती पेशीत गेल्यावर डीएनएला अक्षरशः चिकटून बसतात. विडीचा धूर यात काही सात्त्विक नसतो. "विडी म्हणजे पानच की" असं मामा म्हणायचा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता बंदोबस्ताकडे वळू. विष निष्क्रिय करणारी, ग्लुटाथायोन बनवणारी, रॅडिकल्स गिळणारी अशी बरीच एन्झाइम्स पेशीत असतात. यातलं एक तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. मुका मार लागल्यावर काळं-निळं पडतं आणि तीन-चार दिवसांनी ते हिरवट दिसायला लागतं ना? हीम ऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम सांडलेल्या रक्तातलं हीम तोडतं, त्यातून बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं रंगद्रव्य तयार होतं. हे एन्झाइमही त्याच बंदोबस्तातलं. याचं नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा लागेल.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टालाले नावाच्या शास्त्रज्ञाने फार आधीपासून एक गोष्ट पाहिली होती. प्राण्यांना काही ठरावीक रसायनं थोड्या प्रमाणात दिली की ही सगळी एन्झाइम्स एकदम वाढतात. एकेक करून वाढत नाहीत, सगळी एकदम. १९९२ साली त्यांच्या गटाने ब्रोकोलीतून असंच एक रसायन वेगळं काढलं, सल्फोराफेन. आयसोथायोसायनेट जातीचं. नाव अवघड वाटत असेल तर मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका आठवा. तो देणारं रसायन याच जातीतलं, चुलत भावंडच म्हणा.

पण सगळी एकदम वाढतात म्हणजे त्यांच्या मागे एकच कुणीतरी बटण दाबत असणार. ते कोण, हे माहीत नव्हतं.

यामामोतो हे शोधतच नव्हते, ही यातली गंमत. त्यांचा विषय रक्त. तांबडी पेशी तयार होताना कोणती जनुकं कशी चालू होतात, हे ते बघत होते. त्या शोधात १९९५ साली त्यांच्या गटाला कोंबडीच्या रक्तपेशींतून एक प्रोटीन मिळालं. त्याआधी वर्षभर, १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियात युएत वाई कान यांच्या गटाला माणसातलं त्याचंच रूप सापडलं होतं, तेही हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या मागे लागताना. या प्रोटीनचं नाव नर्फ-२. सगळ्यांना वाटलं, रक्त बनवायला हे लागत असणार. मग ते जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर ते ठणठणीत! रक्त व्यवस्थित, पिल्लंही होतात. आता असा निकाल आल्यावर बरेच लोक फाइल बंद करतात.

यामामोतो आणि त्यांचे सहकारी केन इतोह यांनी ती बंद केली नाही. त्यांचं लक्ष एका साम्याकडे गेलं. नर्फ-२ डीएनएवरच्या ज्या खुणेला जाऊन बसतं, ती खूण आणि टालालेंच्या एन्झाइम्सच्या जनुकांपुढची खूण जवळजवळ सारखीच होती. मग त्यांनी उंदरांना बीएचए खायला घातलं. पाकीटबंद पदार्थातलं तेल-तूप खवट होऊ नये म्हणून जे घालतात तेच. साध्या उंदरांत बंदोबस्ताची एन्झाइम्स वाढली. नर्फ-२ नसलेल्या उंदरांत वाढलीच नाहीत. हे १९९७ चं काम. बटण सापडलं.

पुढचा प्रश्न मला जास्त आवडतो. धोका आला आहे हे या बटणाला कळतं कसं? १९९९ मध्ये याच गटाने नर्फ-२ चा जोडीदार शोधला, कीप-१. धोका नसताना कीप-१ नर्फ-२ ला दोन ठिकाणी पकडून ठेवतं आणि पेशीच्या तोडफोड खात्याकडे पाठवून देतं. पेशी नर्फ-२ सतत बनवत असते आणि सतत मोडत असते. वीसेक मिनिटांचं आयुष्य! वरवर हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण आग लागल्यावर बंबाच्या गाडीचे सुटे भाग जोडायला बसलात तर घर शिल्लक राहील का? गाडी तयार हवी, फक्त दारात कुणीतरी अडवून धरलेली हवी. कीप-१ च्या अंगावर सिस्टीन नावाची अमिनो आम्लं भरपूर असतात, माणसाच्या कीप-१ वर २७. यातली काही फार हळवी. पेरॉक्साइड, धुरातली रसायनं, मोहरीच्या जातीतला तो झणका, यांपैकी काहीही येऊन त्यांना चिकटलं की कीप-१ ला आपलं काम नीट करता येत नाही. नवं बनलेलं नर्फ-२ मग सुटतं, केंद्रकात जातं आणि सगळी एन्झाइम्स एका दमात चालू करतं.

पुढच्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत नर्फ-२ नसलेले उंदीर पोचले आणि सगळीकडून एकच बातमी यायला लागली. या उंदरांना बेंझोपायरीन दिलं तर गाठी जास्त होतात. सिगारेटच्या धुरात ठेवलं तर फुप्फुसं लवकर खराब होतात. हे २००४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये श्याम बिस्वाल यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे नर्फ-२ आपला माणूस. तो जेवढा जागा, तेवढं फुप्फुस सुरक्षित. मी कॉलेजात जे शिकले आणि पुढे वर्षानुवर्षं जे शिकवलं, ते इथपर्यंतचं.

खरं तर एक धोक्याची घंटा २००३ मध्येच वाजली होती. नर्फ-२ चांगलं, तर त्याला अडवणारं कीप-१ काढून टाकलं की उंदीर आणखी दणकट व्हायला हवेत, बरोबर? यामामोतोंच्या गटाने ते काढून पाहिलं. पिल्लं जन्मली आणि दूध सुटायच्या आतच मेली. अन्ननलिकेचं अस्तर इतकं जाड आणि कठीण झालं होतं की अन्न पुढे सरकेना. नर्फ-२ सुद्धा काढून टाकलं तेव्हा पिल्लं वाचली. पहारेकरी चोवीस तास मोकाट सोडला तर घरच्यांनाच जगू देत नाही, असा त्याचा अर्थ.

मग आलं २००६. बिस्वाल आणि त्यांच्या सहकारी अंजू सिंग यांनी माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कीप-१ चं जनुक तपासलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या १२ प्रकारच्या कॅन्सर पेशींपैकी ६ मध्ये ते बिघडलेलं. रुग्णांच्या गाठींत साधारण १९ टक्क्यांमध्ये. त्याच सुमारास यामामोतोंच्या गटाच्या कामातूनही फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं असंच कीप-१ पुढे आलं. दोन वर्षांनी जपानमधूनच दुसरी बाजू आली. काही गाठींत कीप-१ ठीक असतं, पण नर्फ-२ मध्ये म्युटेशन असतं, आणि तेही नेमकं कीप-१ जिथे धरतं त्या दोन जागांवर. दुसरीकडे फारसं कुठे नाही. हातकडी जिथे अडकते तेवढाच भाग घासून गुळगुळीत केल्यासारखं. योगायोगाने इतकं नेमकं होत नाही. याचा कॅन्सरला फायदा होत असणार, म्हणूनच अशा पेशी टिकून पुढे वाढलेल्या असणार.

फायदा कसला, हे एकदा समजलं की सोपं आहे. कॅन्सरची पेशी वेड्यासारखी वाढते, त्यामुळे तिच्या आत गंज खूप. रेडिएशन तर रॅडिकल्स तयार करूनच मारतं. केमोची बरीच औषधं बाहेर फेकायला किंवा निष्प्रभ करायला ग्लुटाथायोन उपयोगी पडतं. अशा वेळी कायमचं चालू असलेलं नर्फ-२ म्हणजे चिलखत. आणि नुसतं चिलखतही नाही. यामामोतोंच्या सहकारी होझुमी मोतोहाशी यांच्या कामातून २०१२ मध्ये दिसलं की नर्फ-२ अशा पेशीत ग्लुकोज आणि ग्लुटामाइन थेट वाढीच्या कामाकडे वळवतं. पहारेकरी आता चोरांच्या भटारखान्यातही राबतोय.

माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग मात्र २०१३ चा, त्यांच्याच तोहोकूच्या प्रयोगशाळेतला. फार गाजला नाही, पण मी वर्गात आता तोच सांगते. उंदरांना युरेथेन नावाचं रसायन दिलं की फुप्फुसात गाठी होतात. नर्फ-२ असलेले आणि नसलेले, अशा दोन्ही गटांना ते दिलं. सुरुवातीच्या आठवड्यांत अपेक्षेप्रमाणेच चित्र: नर्फ-२ नसलेल्या उंदरांत गाठींची सुरुवात जास्त ठिकाणी. संशोधक तिथेच थांबले असते तर जुनाच धडा पुन्हा छापला गेला असता. ते सोळा आठवडे थांबले. तोवर पारडं फिरलं होतं. आता नर्फ-२ असलेल्या उंदरांतल्या गाठी मोठ्या आणि जास्त आक्रमक होत्या.

म्हणजे एकच प्रोटीन गाठ सुरू होऊ देत नाही, आणि एकदा सुरू झाली की तिलाच वाढवतं. त्याला बाजूच नाही हो! ते ज्या पेशीत आहे तिला वाचवतं, एवढंच त्याला येतं. ती पेशी निरोगी आहे की बिघडलेली, हे त्याला कळायचं काही कारण नाही.

"हे सगळं उंदरांचं झालं, माणसाचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. तर माणसांवरचा धडा खरं म्हणजे याच्या कितीतरी आधी मिळाला होता, फक्त तेव्हा त्याचा अर्थ लागत नव्हता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना रोज बीटा-कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसतीच गोळी. पाच ते आठ वर्षं. सगळ्यांची अपेक्षा होती कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई ने फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ना फायदा ना तोटा. अमेरिकेतली दुसरी चाचणी, धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८ हजारांवर लोकांची, १९९६ च्या जानेवारीत मुदतीच्या २१ महिने आधी थांबवली. बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त आढळत होता. चांगल्या हेतूने दिलेली साधी गोळी! बीटा-कॅरोटीनचा हा परिणाम नर्फ-२ मधूनच होतो असं नाही. त्याची स्वतःची वेगळी भानगड आहे, जास्त ऑक्सिजनमध्ये ते स्वतःच उलटतं वगैरे. पण 'अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच' या समजुतीला पहिला तडा तिथे गेला.

२०१४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून मार्टिन बर्गो यांच्या गटाने थेट प्रयोग केला. फुप्फुसात गाठी सुरू झालेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन दिलं. गाठी भराभर वाढल्या, उंदीर लवकर मेले. गंज कमी झाल्यामुळे पेशीतला पी-५३ हा ब्रेकच सैल पडला होता. २०१९ मध्ये बर्गोंचा गट आणि न्यूयॉर्कचा एक गट, दोघांनी एकाच वेळी पुढचा दुवा जोडला. ऑक्सिडेशन कमी झालं, किंवा नर्फ-२ मुळे ते मघाचं हीम ऑक्सिजनेज वाढलं, की मोकळं हीम कमी होतं. हीम कमी झालं की बाक-१ नावाचं प्रोटीन टिकून राहतं आणि कॅन्सर पेशींना दुसरीकडे पसरायला मदत करतं. बाक-१ चा शोध १९९६ मध्ये लागला तेव्हा त्या कामातही यामामोतो होतेच. तिथेही सुरुवात रक्ताच्या जनुकांपासूनच. मूलभूत संशोधनाचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी हा एक पत्ता ठेवून द्या.

याचा आज दवाखान्यात काय उपयोग? गाठीच्या जनुकीय तपासणीचा जो लांबलचक रिपोर्ट येतो, त्यात बऱ्याचदा कीप-१ चं नाव असतं. अडेनोकार्सिनोमा प्रकारात साधारण सहा रुग्णांमागे एकात हे जनुक बिघडलेलं दिसतं. स्क्वॅमस प्रकारात कीप-१, नर्फ-२ आणि त्यांचं तिसरं साथीदार जनुक मिळून सुमारे एक-तृतीयांश गाठींत. अशा गाठी उपचारांना दाद कमी देतात, म्हणून डॉक्टरांना ते आधी माहीत असलेलं बरं. नर्फ-२ ला आवरणारं, नेहमीच्या वापरातलं औषध मात्र अजून हातात नाही. उलट दिशेची आहेत: नर्फ-२ जागं करणारं डायमिथाइल फ्युमरेट २०१३ पासून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये वापरतात, आणि ओमाव्हेलोक्सोलोन २०२३ मध्ये फ्रीडरिख अटॅक्सिया या दुर्मिळ आजारासाठी अमेरिकेत मंजूर झालं. तिथे वाचवायची असते ती निरोगी चेतापेशी. कुणाला वाचवतोय यावर सगळं ठरतं.

तर आता त्या मुलाचा प्रश्न. त्याला मी फोन केला, आणि जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण असे मेसेज आणखी आले आहेत.

कॅप्सूल आत्ता देऊ नकोस. बाटली तशीच उचल आणि ऑन्कॉलॉजिस्टला दाखव, मागचं लेबल त्यांना वाचू दे. घरात हळदीच्या, ग्रीन टीच्या, द्राक्षबियांच्या 'एक्स्ट्रॅक्ट' गोळ्या असतील तर त्याही ने. जेवणातली हळद, फोडणीतली मोहरी, मुळा, पेरू, आवळा याबद्दल मी काही बोलत नाहीये. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर बाबांना जे गोड लागेल ते खाऊ दे, केमोत तोंडाला चव राहणं हीच मोठी गोष्ट. मुद्दा आहे तो एका गोळीत कोंबलेल्या मोठ्या डोसाचा. आणि उलट चूकही करू नकोस: एन-ॲसिटिलसिस्टीन कफ पातळ करायला डॉक्टर देतात, ते त्यांनीच लिहून दिलं असेल तर हा भाग ऐकून परस्पर बंद करायचं नाही. विचारायचं.

तो म्हणाला, "ताई, पण आत्याला काय सांगू? तिने तिकडून एवढ्या प्रेमाने पाठवलंय."

मी म्हटलं, आत्याला माझा नंबर दे. मामीला बाटल्या कुणी आणून दिल्या होत्या, ते मीच तिला सांगते. परवा रात्री तिचा फोन येऊन गेला. पाऊण तास बोललो.